कुसळ स्वतःला कसं पेरतं?

दिवाळीच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर गवतातून चालून आलं की पायमोजे कुसळांनी भरतात. वैतागून ती उपटून फेकण्याआधी एक कुसळ तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. थोड्याच वेळात ते वळवळत स्वतःभोवती फिरू लागतं.

हे कुसळी गवताचं बी. खाली सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेले तांबूस केस आणि वर लांब, काळपट, पीळ पडलेली शेपटी. शेपटीच्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे तंतू तिरके, वेटोळे घालून बसलेले असतात. ओल लागली की भिंती फुगतात आणि पीळ सुटतो. वाळलं की पुन्हा बसतो. शेपटीचं वरचं टोक वाकडं असतं. ते शेजारच्या काडीला किंवा खड्याला अडलं, की शेपटीऐवजी खालचं बी फिरतं आणि अणी मातीत शिरते. मागे वळलेल्या केसांमुळे ते परत निघत नाही. रात्री दव, दिवसा ऊन. बी आत आत जात राहतं. शेपटी तर मेलेली असते, सगळी ताकद हवेतल्या ओलाव्याची! मेंढीच्या लोकरीतून कुसळ कातडीत घुसतं ते याच रीतीने. अशाच एका गवताच्या बीची ही करामत चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८७६ साली उलगडून दाखवली होती.

मराठवाड्यातल्या टेकड्यांना अशाच बीची गरज आहे. खाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट, वर मुरूम आणि जेमतेम माती. उघड्यावर पडलेलं बी मुंग्या नेतात, नाहीतर वळवाच्या पहिल्याच सरीत वाहून जातं. मातीत उतरलेलं बी मात्र उन्हाळ्यातल्या वणव्यातूनही वाचतं आणि पावसाळ्यात रुजतं. त्याची मुळं मुरूम धरून ठेवतात, उतारावरून पळणारं पाणी रोखतात.

म्हणूनच पिवळी पडलेली टेकडी पडीक समजून सरसकट खड्डे खणणं आणि गिरिपुष्प लावत सुटणं मला पटत नाही. चंडोल आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना मोकळं माळरानच लागतं. झाडं लावायची तर ओढ्याकाठी, खोलगट भागात लावावीत, जिथे माती साठलेली असते. आणि गवत कापायचंच असेल, तर कुसळं झडून जमिनीत गेल्यावर कापावं.