फिट येते म्हणून फिट सर्टिफिकेट नाही : अपस्मार आणि नोकरीचं ट्रेनिंग

घोळ शब्दापासूनच आहे. घरी म्हणतात पोराला 'फिट येते', आणि आयटीआय किंवा कंपनीवाले म्हणतात 'फिट सर्टिफिकेट' आणा, वर पोराला ट्रेड हवा असतो फिटरचा. आमच्याकडे यावर हसतात पण अडतं सगळं तिथेच.

जुन्या काळचं थोडक्यात. कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची, बाहेरचं आहे म्हणून अंगारा लावायचा, जरी फिट्सवरची औषधं, फेनोबार्बिटल १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून, वापरात होती तरी. परळ-लालबागला मिल चालू होत्या तोवर मामाच्या नाहीतर काकाच्या ओळखीने पोरगा बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, चिकटायचा, फिट्सचं घरातच राहायचं, असं जुने लोक सांगतात. १९८२ च्या संपानंतर ती वाट बंद झाली.

लपवालपवीला कायद्याने पण हातभार लावला. १९७६ ला हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्माराचे झटके आणून बसवले, त्यावरून लग्न रद्द करून घेता यायचं, ते शब्द निघाले १९९९ ला. तेवीस वर्षं! मग कोण कशाला फॉर्मवर खरं लिहील.

आता मुख्य भांडण, अपस्मार अपंगत्वात धरायचा की नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात अपस्मार नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि त्यात 'दीर्घकालीन न्यूरॉलॉजिकल आजार, जसे की' असं म्हणून पुढे दोनच नावं दिली, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स. आता 'जसे की' म्हणजे नमुन्यादाखल दोन नावं की फक्त तीच दोन? साधं मराठी वाचणारा म्हणेल नमुन्यादाखल, पण सर्टिफिकेट द्यायला बसलेला माणूस यादीत बोट फिरवतो आणि अपस्मार दिसत नाही म्हणून परत पाठवतो. सोबत सेरेब्रल पाल्सी किंवा मतिमंदत्व असेल तर त्या नावावर कागद मिळतो, नुसत्या फिट्सवाल्याचे वांधे. आणि चाळीस टक्के अपंगत्वाचा कागद नसला की कॉलेजातल्या पाच टक्के जागा नाहीत, सरकारी नोकरीतले चार टक्केही नाहीत. दुसरी बाजू म्हणते की औषध नीट घेतलं तर सत्तर टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट्स थांबतात, मग कायमचं अपंगत्व मोजायचं कसं. मुद्दा चुकीचा नाही, पण मग त्याच माणसाला कारखान्यात अनफिट का म्हणता ते तरी सांगा. त्याच कायद्यात सरकार नोटिफिकेशन काढून नवीन प्रकार घालू शकतं अशी सोय आहे, म्हणजे दार आहे, उघडायचं कोणी एवढंच.

खरं तर ट्रेनिंगला लागतं फार कमी. उंचीवरचं काम, उघडं मशीन टाळायचं, गोळ्यांची वेळ पाळू द्यायची, आणि वर्गातल्या दोघांना तरी माहीत हवं की फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. कॉम्प्युटरचा कोपा ट्रेड, ड्राफ्ट्समन, शिवणकाम यात अडचण कमीच. मालाडच्या कॉल सेंटरची रातपाळी मात्र नको, झोप मोडली की फिट यायला वेळ लागत नाही.

हल्ली पोरं वळतात डिलिव्हरीकडे नाहीतर कॅबकडे. तिथे लायसन्सच्या पहिल्याच फॉर्मवर प्रश्न आहे, अपस्मार आहे का, आणि मी पाहिलेल्यातल्या बहुतेकांनी तिथे 'नाही'वर टिक केलेली आहे.