संशोधन कार्यशाळेसाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि उद्देशपत्र

तंत्रज्ञान आणि उपयोजित गणितातली संशोधन कार्यशाळा एखाद्या कॉलेजने जाहीर केली, की नोकरीत असाल तर सर्वात आधी ना-हरकत पत्राच्या मागे लागा. बाकी सगळे एका बैठकीत भरता येते, पण विभागप्रमुखांची सही आपल्या हातात नसते. अर्ज रखडतो तो बहुधा तिथेच.

पात्रतेत सहसा पदव्युत्तर विद्यार्थी, पीएचडी करणारे आणि शिक्षक येतात. काही कार्यशाळा पदवीच्या शेवटच्या वर्षालाही घेतात. मात्र परिपत्रकात 'पूर्वज्ञान' म्हणून जी ओळ असते, ती पदवीच्या अटीइतकीच नीट वाचा. सिम्युलेशनची (प्रत्यक्ष घटनेची संगणकावर नक्कल करण्याची) कार्यशाळा असेल तर लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि पायथन किंवा मॅटलॅबमध्ये प्रोग्रामिंग येते असे धरूनच शिकवतात. आपली तयारी घरीच तपासता येते. उत्तर आधीच माहीत असलेले एखादे साधे डिफरन्शियल इक्वेशन चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टा पद्धतीने (लहान लहान पायऱ्यांनी पुढे जात उत्तर काढण्याची रीत) सोडवणारा प्रोग्राम स्वतः लिहा. पायरी निम्मी केल्यावर त्रुटी साधारण सोळाव्या हिश्शावर आली, तर बिनधास्त अर्ज करा.

कागदपत्रांत गुणपत्रिका, ओळखपत्र, विद्यार्थ्यांसाठी बोनाफाईड, नोकरीत असाल तर संस्थेचे ना-हरकत पत्र, गाईडचे शिफारसपत्र आणि दोन पानांत बसणारा बायोडेटा एवढे बहुतेक ठिकाणी मागतात. सगळ्यावर नाव एकाच पद्धतीने लिहिलेले हवे, कारण प्रमाणपत्रावर तेच छापले जाते. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची स्वतंत्र ओळख दाखवणारा क्रमांक, विचारला असेल तर तो मोफत मिळतो. सोळा अंकी असतो आणि नोंदणीला काही मिनिटे पुरतात. शिफारसपत्र मागताना गाईडना परिपत्रक आणि आपले उद्देशपत्र (कार्यशाळेत का यायचे आहे ते सांगणारे पत्र) दोन्ही द्या, म्हणजे त्यांनाही नेमके लिहिता येते.

निवड खऱ्या अर्थाने ठरते ती उद्देशपत्रावर. 'मला गणिताची आवड आहे, ज्ञानात भर पडेल' हे कोणीही लिहू शकतो. निवड समितीला त्यातून तुमच्याविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी आपले काम कुठे अडले आहे ते सांगा. उदाहरणार्थ: 'सळईतील उष्णतावहनाचे समीकरण मी एक्स्प्लिसिट पद्धतीने सोडवतो. जाळीतले अंतर निम्मे केले की उत्तर स्थिर राहण्यासाठी काळाची पायरी चौथाई करावी लागते आणि गणन फार लांबते. इम्प्लिसिट पद्धती आणि स्पार्स मॅट्रिक्स शिकून मला हे सोडवायचे आहे.' (एक्स्प्लिसिट पद्धतीत पुढच्या क्षणाचे उत्तर थेट आधीच्या क्षणावरून काढतात, इम्प्लिसिट पद्धतीत त्यासाठी समीकरणे एकत्र सोडवावी लागतात. स्पार्स मॅट्रिक्स म्हणजे बहुतेक जागी शून्य असलेली मॅट्रिक्स.) एवढ्या चार ओळींत तुम्ही काय केले आहे, कशावर अडला आहात आणि कार्यशाळेतले कोणते सत्र तुमच्या उपयोगाचे आहे, तिन्ही कळते. असा अर्ज नवख्या विद्यार्थ्याचा असला तरी तो उठून दिसतो, आणि म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे आहे की दुसऱ्याचे उद्देशपत्र उतरवू नका.

पोस्टर किंवा शोधनिबंध सादर करायचा असेल तर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे थोडक्यात सारांश, वेगळा पाठवावा लागतो. शब्दमर्यादा आणि लाटेकचा (गणिती मजकूर मांडण्याच्या सॉफ्टवेअरचा) साचा दिला असेल तर तोच वापरा. सहलेखकांची संमती आधी घ्या.

निवड झाल्याचा ईमेल आला की दिलेल्या मुदतीत होकार कळवा, नाहीतर जागा प्रतीक्षायादीतल्या उमेदवाराला जाते. शुल्क परत मिळण्याचे नियम आणि निवासाची सोय भरणा करण्यापूर्वीच विचारून घ्या. सांगितलेले सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आधीच टाकून एकदा चालवून पाहा. प्रमाणपत्राला हजेरीची अट असल्यास परतीचे तिकीट शेवटच्या सत्रानंतरचेच काढा.