स्लेडची गाणी

स्लेड या ब्रिटिश ग्लॅम रॉक बँडची गाणी. त्यांतली बहुतेक गाजली ती १९७१ ते १९७६ या काळात. नॉडी होल्डर (गायन, गिटार), डेव्ह हिल (गिटार), जिम ली (बास, व्हायोलिन) आणि डॉन पॉवेल (ड्रम्स) ही चौकडी इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन-वॉल्सॉल या कारखानदारीच्या पट्ट्यातली. गाणी बहुतांशी होल्डर आणि ली यांनी लिहिली.

ग्लॅम म्हटले की चकाकते कपडे आणि उंच टाचांचे बूट डोळ्यांपुढे येतात. स्लेडकडेही ते होते; होल्डर यांची आरसे लावलेली टोपी तर त्यांची ओळखच बनली. पण ही गाणी टिकली ती त्यांच्या घडणीमुळे. ऐकणाऱ्याने गप्प बसू नये, पाय आपटावेत, टाळ्या द्याव्यात आणि ध्रुवपद गळा फाडून म्हणावे, अशाच बेताने ती बांधलेली आहेत.

‘कॉझ आय लव्ह यू’ (१९७१) हे याचे चांगले उदाहरण. बँडचे व्यवस्थापक चास चँडलर (पूर्वी ‘द अ‍ॅनिमल्स’ या बँडचे बासवादक) यांनी स्वतःची गाणी लिहा असा आग्रह धरला, तेव्हा होल्डर आणि ली यांनी हे गाणे अर्ध्या तासात रचले. ली यांच्या व्हायोलिनमुळे ते बँडच्या मंडळींना फार मवाळ वाटू लागले, म्हणून ध्वनिमुद्रणात बुटांचे ठोके आणि टाळ्या भरल्या. हाच ठोका पुढे स्लेडची खूण ठरला. गाणे ब्रिटनमधल्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. शीर्षक मुद्दाम बोलीच्या उच्चारासारखे, अशुद्ध (Coz I Luv You) लिहिले होते. तीच रीत पुढच्या गाण्यांतही चालू राहिली आणि शिक्षक मंडळींनी त्यावर नापसंती नोंदवली.

‘टेक मी बॅक ओम’ आणि ‘मामा वीअर ऑल क्रेझी नाऊ’ (दोन्ही १९७२) हीही पहिल्या क्रमांकावर पोहोचली. ‘कम ऑन फील द नॉइझ’ (१९७३) तर प्रसिद्ध होताच थेट तिथे जाऊन बसले. मैफलीत प्रेक्षकांचा आवाज छातीवर आदळतो, तो अनुभव या शीर्षकात आहे. त्यामुळे स्लेडला समजून घ्यायला स्टुडिओतल्या मुद्रणांपेक्षा ‘स्लेड अलाइव्ह!’ (१९७२) हा प्रेक्षकांसमोर मुद्रित केलेला अल्बम आधी ऐकावा.

जुलै १९७३ मध्ये मोटार अपघातात पॉवेल यांच्या मैत्रिणीचा मृत्यू झाला. ते स्वतः वाचले, पण त्यांची स्मृती कायमची अधू झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच, ऐन उन्हाळ्यात, न्यूयॉर्कमध्ये ‘मेरी एक्समस एव्हरीबडी’ हे नाताळगीत मुद्रित झाले. आवाजाला घुमारा यावा म्हणून ध्रुवपद इमारतीच्या बोळात उभे राहून गायले गेले. हे त्यांचे सहावे आणि शेवटचे अव्वल गाणे. ब्रिटनमध्ये ते आजही दर डिसेंबरला वाजते.

‘हाउ डझ इट फील’ (१९७५) हे ‘स्लेड इन फ्लेम’ या त्यांच्याच चित्रपटातले पियानोप्रधान, संथ गाणे. ते पंधराव्या क्रमांकावरच थांबले, तरी रचना म्हणून ते त्यांच्या सर्वोत्तम कामात धरायला हवे.

अमेरिकेत स्लेडला यश उशिरा मिळाले, तेही आधी दुसऱ्यांच्या तोंडून. क्वायट रायट या बँडने १९८३ मध्ये गायलेले ‘कम ऑन फील द नॉइझ’ तिथे पाचव्या क्रमांकावर गेले. त्यानंतर १९८४ मध्ये स्लेडचे ‘रन रनअवे’ पहिल्या विसांत आले.