पांढऱ्या पेशी: आकडा नॉर्मल, पण कामाचं काय?

पावसाळ्यात शेतात उतरलं की पायाच्या बोटांत चिखल्या होतात, हे फोंडा-डिचोलीकडे कुणाला सांगायला नको. शुगरवाल्याचा तोच पाय सुजतो, लाल होतो. मग घरचे लॅबचा रिपोर्ट पुढे करतात: ‘पांढऱ्या पेशी आठ हजार, नॉर्मल. तरी जखम का चिघळते?’

रिपोर्टात असते ती नुसती मोजदाद. एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 4,000 ते 11,000 पेशी असल्या की नॉर्मल. त्या काम करतात का, हे नेहमीची लॅब तपासतच नाही.

काम तसं किचकट. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीला जखमेपर्यंत पोचायचं, जंतू गिळायचा आणि मारायचा असतो. मारण्यासाठी ती ऑक्सिजनपासून जहाल रसायनं बनवते. त्याला एनएडीपीएच नावाचं पेशीतलं मदतनीस रसायन लागतं. रक्तात साखर फार झाली की पेशी जादा ग्लुकोजचं सॉर्बिटॉल (एक साखरेसारखा पदार्थ) करत बसते, आणि त्यातही हेच एनएडीपीएच खर्ची पडतं. जंतू गिळला जातो, पण नीट मरत नाही. टाइप 2 मधुमेहात तर पोटावरच्या चरबीमुळे पांढऱ्या पेशींचा आकडा उलट थोडा चढाच असतो. त्यावर खूश व्हायचं कारण नाही.

इन्सुलिन घेतलं म्हणून हा आकडा वाढत नाही. साखर उतरते आणि पेशींची मारण्याची ताकद सुधारते. ऑपरेशनच्या आसपास साखर 180 मिग्रॅ/डेसिलिटरच्या आत ठेवायला सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण 26.4 टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे घरोघरचा.

खरा चकवा देतात ती स्टेरॉइड्स. दम्यासाठी गोळ्या सुरू झाल्या की पांढऱ्या पेशींचा आकडा चढतो, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी प्रवाहात येतात. त्या जखमेकडे मात्र कमीच पोचतात, आणि वर साखरही चढते.

डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांवर लघवीच्या जागी खाज सुटते, तिचा दोष मात्र पांढऱ्या पेशींवर टाकू नये. ती गोळी साखर लघवीतून बाहेर काढते आणि त्या साखरेवर बुरशी पोसते. गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावं. बुरशीवर औषध आहे.