पेशीत शिरणं सोपं, तिथून सुटणं अवघड

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मेडिकलच्या फ्रिजमध्ये ठेवलेलं इन्सुलिन हे प्रथिनच. १९२२ साली टोरांटोत ते पहिल्यांदा एका मधुमेही मुलाला टोचलं गेलं. इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या कवचावरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटून काम भागवतं, आत जावंच लागत नाही. बहुतेक प्रथिन-औषधं अशीच, दारातून काम करून घेणारी. पण काही प्रथिनांचं काम पेशीच्या आतच असतं. त्यांना पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंच्या, मदतीने आत न्यायच्या धडपडीची ही गोष्ट.

प्रथिनाला पॉलिमर जोडायची कल्पना १९७७ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातून पुढे आली. पॉलिइथिलीन ग्लायकॉल जोडलेलं प्रथिन रक्तात जास्त काळ टिकतं, प्रतिकारशक्तीच्या नजरेत कमी येतं. १९९० मध्ये अशा पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण तेही रक्तापुरतंच.

पेशीत शिरायची आशा १९८८ मध्ये दिसली. एचआयव्हीचं टॅट नावाचं प्रथिन पेशीत आपणहून जातं, असं आढळलं. मग त्याचा छोटा तुकडा कशालाही जोडायचा सपाटा सुरू झाला. सोबत चमकणारा रंग जोडला की सूक्ष्मदर्शकाखाली अख्खी पेशी, अगदी केंद्रकसुद्धा, चमकायची. २००३ मध्ये कळलं की त्यातली बरीच चमक पेशी मारून, रसायनाने गोठवून पाहिल्यामुळे होती. जिवंत पेशीत नुसते ठिपके दिसत. म्हणजे माल एंडोसोम नावाच्या पिशव्यांत अडकलेला, पुढे पचून जाणारा. माझ्या मते या क्षेत्राचा खरा इतिहास इथूनच सुरू होतो. शिवाजी विद्यापीठाच्या नॅनोसायन्स अधिविभागात शिकणाऱ्यांनी ‘पेशीने घेतलं’ असा दावा वाचला, तर आधी ठिपके शोधावेत.

१९९५ पासून पॉलिइथिलीनइमाइन हे धनभारित पॉलिमर डीएनए पेशीत न्यायला वापरलं जात होतं. डीएनए सगळीकडे सारखा ऋणभारित, त्यामुळे मोट बांधणं सोपं. प्रथिनांचं तसं नाही, प्रत्येकाचा भार वेगळा, घडी वेगळी. म्हणून पॉलिमरलाच ग्वानिडिन, बोरॉनिक आम्ल किंवा फ्लोरिन असे रासायनिक गट जोडून बघितले गेले. प्रथिन घट्ट धरायचं, पण एंडोसोम फोडून बाहेर आल्यावर सोडायचंही. वर पेशी मरता कामा नये, आणि जास्त धनभार पेशीला मारकच.

२०१२ नंतर क्रिस्पर या जनुकं कापून बदलायच्या तंत्रामुळे गरज एकदम वाढली. त्यातली कात्री म्हणजे कॅस९ हे प्रथिन, आणि ते पेशीत जायलाच हवं. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं, कॅस९ मध्ये १,३६८. २०२३ मध्ये सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या पहिल्या क्रिस्पर उपचाराला ब्रिटनने मान्यता दिली. त्यात पॉलिमर नाही. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून, विजेचा झटका देऊन कॅस९ आत घालतात आणि पेशी परत सोडतात. रक्ताच्या बाबतीत हे जमतं. यकृत किंवा मेंदू असा बाहेर काढून परत ठेवता येत नाही.