अपहरणपट

अपहरणपट : रहस्यपटाचा एक प्रकार. पळवून नेलेल्या व्यक्तीचा शोध आणि तो घेणारा अधिकारी व पळवणारा गुन्हेगार यांच्यातील डावपेच हा त्याचा विषय. खुनाच्या कथेत गुन्हा घडून गेलेला असतो आणि तपास मागे वळून पाहतो. अपहरणाच्या कथेत गुन्हा अजून चालूच असतो. कुठेतरी कोंडलेले माणूस श्वास घेत असते आणि तपासातली प्रत्येक चूक त्याच्या जिवावर येते. म्हणून या चित्रपटात ‘कोणी केले’ हे लवकर कळले तरी बिघडत नाही. ‘कुठे आहे’ हा प्रश्न शेवटपर्यंत पुरतो.

माणूस पळवण्याचे दोन मार्ग कायद्याने सांगितले आहेत : बळजबरी आणि फसवणूक. भारतीय दंड संहितेच्या ३६२व्या कलमात दोन्ही शेजारी शेजारी होते. अल्पवयीन मूल आपल्या पायाने गेले, तरी पालकाच्या संमतीविना नेले म्हणजे गुन्हाच. खंडणीसाठी ओलीस ठेवण्याबद्दल ३६४-अ हे कलम १९९३मध्ये आले. त्याला फाशी किंवा जन्मठेप अशी शिक्षा ठेवली. १ जुलै २०२४पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या १४०व्या कलमात आहे. पडद्यावरचे दोन प्रकारचे खलनायक याच दोन मार्गांनी येतात. बळजबरी करणारा गुंड मारामारीच्या चित्रपटात शोभतो. अपहरणपट खऱ्या अर्थाने पेलतो तो फसवणारा, पाताळयंत्री माणूस.

असा गुन्हेगार मूल पळवण्याआधी राखणदार हलवतो. पळवल्यावर तो आईवडिलांना पोलिसांपासून तोडतो : ‘चौकीत गेलात तर पोर दिसणार नाही.’ मग अधिकाऱ्याची जुनी जखम शोधतो, त्याला अर्धे खरे सांगतो आणि उरलेले अर्धे त्याच्याच मनाला रचू देतो. या प्रकाराचा कळस मात्र गुन्हेगार हाती लागल्यानंतर येतो. तो समोर बसलेला आहे, पण जागा फक्त त्यालाच ठाऊक आहे. अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मात्र त्याने सांगितल्यामुळे एखादी वस्तू वा गोष्ट सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग न्यायालयात ग्राह्य धरता येतो. भारतीय पटकथाकाराला घड्याळ बाहेरून आणावे लागत नाही, कायद्यानेच ते टेबलावर ठेवलेले आहे. तरीही आपले बहुतेक चित्रपट अशा वेळी अधिकाऱ्याच्या हातात पट्टा देतात आणि प्रसंग वाया घालवतात. मारून बोलता केलेला माणूस मार थांबावा म्हणून काहीही सांगतो. पाताळयंत्री गुन्हेगाराला तर नेमके तेच हवे असते.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा १९६३चा चित्रपट या प्रकाराचा मानदंड आहे. त्याच्या मूळ नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’. एड मॅकबेन यांच्या १९५९च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. टेकडीवरच्या बंगल्यात राहणाऱ्या बूट-कारखानदाराच्या मुलाऐवजी चुकून त्याच्या ड्रायव्हरचे मूल पळवले जाते, आणि दुसऱ्याच्या मुलासाठी स्वतःचे सर्वस्व द्यायचे का, हा प्रश्न दिवाणखान्यात उभा राहतो. खंडणीची बॅग धावत्या गाडीच्या जेमतेम सात सेंटिमीटर उघडणाऱ्या खिडकीतून टाकायची असते. फोनच्या ध्वनिफितीत पाठीमागे ऐकू येणाऱ्या ट्रामच्या आवाजावरून पोलीस लपण्याच्या जागेकडे सरकतात. पुढच्याच वर्षी, १९६४मध्ये, जपानच्या दंडसंहितेत खंडणीसाठीच्या अपहरणावर स्वतंत्र कलम आले.

मराठी रंगभूमीला अपहरणाची कथा नवी नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३मध्ये सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केले. रामायणाच्या त्याच आख्यानात पुढे पळवणाऱ्याची सगळी रीत आलेली आहे : आधी मायावी मृग सोडून राखणदाराला लांब नेणे, मग यतीचा वेश, आणि बळ सगळ्यात शेवटी. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’तला (१८८२) अर्जुनही यतीचाच वेश घेतो, पण तिथे सुभद्रेचे मन त्याच्याकडे आहे आणि डाव रचणारा प्रत्यक्ष कृष्ण आहे. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘स्वयंवरा’तली (१९१६) रुक्मिणीही मनानेच कृष्णाला वरते. वेश तोच, कावा तोच. फरक नेल्या जाणाऱ्या व्यक्तीच्या इच्छेचा. हा फरक आपल्या प्रेक्षकाला शंभर वर्षांपूर्वीच पदांसकट पाठ होता.

सातारा जिल्हा चित्रीकरणासाठी प्रसिद्ध आहे, पण बहुधा दुसऱ्याच्या नावाने. ‘गंगाजल’मधला (२००३) बिहार वाई परिसरातला होता, ‘स्वदेस’मधले (२००४) उत्तर प्रदेशातले चरणपूर म्हणजे वाईजवळच्या मेणवलीचा घाट. कृष्णाकाठ आपल्याच नावाने या गोष्टीत आला, तर भूगोलच निम्मी पटकथा लिहून देईल. महामार्गाने साताऱ्याहून पुण्याकडे निघालेली गाडी आनेवाडीचा टोलनाका आणि खंबाटकीचा बोगदा टाळू शकत नाही. कराडकडे गेली तर तासवडेचा नाका आहे. म्हणजे पळवणाऱ्याला आतल्या रस्त्यांनी जायला हवे, आणि ते रस्ते उसातून जातात. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, त्यात शिरलेला माणूस दहा पावलांवर दिसत नाही. पण गळीत हंगाम सुरू झाला की टोळ्या येतात, कोयता लागतो आणि फड दिवसागणिक उघडा पडत जातो. तोडीची पाळी कधी येणार हे कारखान्याच्या शेतकी विभागाला माहीत असते, पळवणाऱ्याला नसेल. ट्रामच्या जागी इथे कारखान्याचा भोंगा आहे. फोनवर तो ऐकू आला तर जाणता माणूस कामगारांची पाळी सुटल्याची वेळ सांगेल. लागोपाठ पुणे–मिरज मार्गावरची गाडी वाजली, तर ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशा रुळालगतच्या टापूत शोध घ्यायचा.

लपवण्याची जागा म्हणून कोणालाही आधी सुचेल ते सांगलीजवळच्या हरिपूरचे पेव. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद साठवायला जमिनीत खोल पेवे खणली जात. वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, खाली पोट फुगलेले. २००५च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवे निकामी झाली, त्यामुळे रिकामी, विसरलेली पेवे कथेला आयती मिळतात. पण बंद पेवात प्राणवायू राहत नाही. हळदीला कीड लागत नाही ती त्यामुळेच. तोंड उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. काही तास थांबतात, मग दोरीने कंदील सोडतात, आणि ज्योत तगली तरच माणूस उतरतो. ‘पोरगं दोन दिवस बंद पेवात आहे, जिवंत आहे,’ असे कोठडीतला गुन्हेगार अधिकाऱ्याला शांतपणे सांगेल, आणि दाराशी उभ्या असलेल्या हरिपूरच्या हमालाला तेवढ्यावरून कळेल, की मूल पेवात नाही.