तालमीपासून झोपडपट्टी फुटबॉलपर्यंत

२००१ सालची गोष्ट. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिकवणारे विजय बारसे यांना भर पावसात वस्तीतली काही मुलं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना चेंडू दिला. खेळत असेपर्यंत ही पोरं व्यसनांपासून आणि भांडणांपासून दूर राहतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून 'झोपडपट्टी फुटबॉल' स्पर्धा उभी राहिली. तेच काम आज 'स्लम सॉकर' या नावानं ओळखलं जातं. २०१६ मध्ये 'फिफा'नं या संस्थेला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. पुढे त्यावर हिंदी चित्रपट निघाला आणि नागपूरची ही गोष्ट घरोघरी पोहोचली.

पण शहरातल्या पोरांना खेळातून घडवण्याची कल्पना आपल्याकडे २००१ मध्ये जन्मली नाही. तिचं मूळ लाल मातीत आहे. कोल्हापूरच्या पेठांमध्ये तालीम म्हणजे केवळ कुस्तीची जागा कधीच नव्हती. पोरगं संध्याकाळी कुठं आहे, हे घरच्यांना ठाऊक असायचं आणि ते चुकलं तर कान धरायला वस्ताद असायचा. शाहू महाराजांच्या आश्रयानं कुस्ती बहरली, आणि पुढे याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं आज शाहू स्टेडियमवर पेठेच्या अभिमानानं घेतली जातात. तालमीच्या नावानं फुटबॉल संघ, हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला नवल वाटतं. कोल्हापूरकराला त्यात काही वेगळं दिसतच नाही.

विदर्भात १९१४ मध्ये अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. दादरला १९२५ पासून समर्थ व्यायाम मंदिर आहे. या पिढीची भाषा बलोपासनेची आणि राष्ट्रकार्याची होती, 'युवा विकास' हा शब्द तिच्या तोंडी नव्हता. पण रोजची ठरलेली वेळ, मोठ्या मुलानं लहानाला शिकवणं, आणि हजेरीवर नजर ठेवणारा एक माणूस, हे सगळं तिथं होतंच.

मुंबईत हेच काम गिरणगावातल्या क्रीडा मंडळांनी केलं. लालबाग, परळ, नायगावच्या चाळींमधून कबड्डीचे आणि खो-खोचे संघ निघाले. बऱ्याचदा गणपतीचं मंडळ आणि खेळाचं मंडळ एकच असे. चांगल्या खेळाडूला रेल्वेत, बँकेत किंवा एखाद्या कंपनीत नोकरी लागायची, त्यामुळे घरचेही मैदानावर जायला आडकाठी करत नसत. मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत, आणि बेकारीत वाढलेल्या पोरांपैकी काही टोळ्यांच्या हाती लागली. हा भाग मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मंडळं होती, मैदानं होती, शिकवणारेही होते. पण बापाची नोकरी गेल्यावर पोकळी एवढी मोठी झाली की एकटा खेळ ती भरून काढू शकला नाही. खेळानं गुन्हेगारी थांबते असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं की मला गिरणगाव आठवतं.

याच सुमारास अमेरिकेत हाच दावा राजकारणाचा विषय झाला होता. १९८६ मध्ये मेरीलँड राज्यातल्या ग्लेनआर्डन गावात जी. व्हॅन स्टँडिफर यांनी तरुणांसाठी रात्री उशिरा बास्केटबॉलचे सामने सुरू केले. ज्या वेळी गुन्हे जास्त होतात, त्याच वेळी पोरं कोर्टवर असावीत, हा हिशेब. ही 'मिडनाइट बास्केटबॉल'ची लाट अनेक शहरांत पसरली, आणि १९९४ च्या गुन्हेविषयक विधेयकावरून त्यावर मोठी खडाजंगी झाली. तिथंच पुढे रिचर्ड लर्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रश्न उलटा करून मांडला. पोरांना कशापासून वाचवायचं, एवढंच विचारण्याऐवजी पोरांमध्ये जे आहे ते वाढेल कसं, हे विचारा. क्षमता, आत्मविश्वास, नाती, चारित्र्य आणि इतरांबद्दलची कणव या पाच गोष्टी त्यांनी पुढे ठेवल्या. आपल्या वस्तादांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं, पण लिहून ठेवल्यामुळे ते मोजता आणि शिकवता येऊ लागलं.

आणखी एक धागा कोलंबियातला. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकात ज्याच्याकडून चुकून स्वतःच्याच संघावर गोल (स्वयंगोल) झाला, त्या कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबार या खेळाडूची मेडेलिन शहरात हत्या झाली. त्यानंतर त्याच शहरात वस्त्यांमधल्या तरुणांसाठी वेगळ्या नियमांचा फुटबॉल सुरू झाला. मुलं-मुली एकत्र, पंच नाही, आणि सामन्याआधी व सामन्यानंतर दोन्ही संघांनी बसून बोलायचं. कोण कसं वागलं, याचेही गुण धरायचे. आज ही पद्धत अनेक देशांत वापरली जाते.

मुलींचा हा मुद्दा आपल्या जुन्या परंपरेला लागू होतो. तालीम बहुतांशी पोरांची होती. रस्त्यावर राहणारं मूलही तिथं सहसा पोहोचत नसे. नव्या संस्थांचं खरं श्रेय इथं आहे. १९९९ मध्ये मुंबईत मॅथ्यू स्पेसी यांनी 'मॅजिक बस' सुरू केली. ते भारताकडून रग्बी खेळलेले. फॅशन स्ट्रीटजवळच्या मैदानात सराव चालू असताना रस्त्यावरची पोरं कडेला उभी राहून बघायची, त्यांना त्यांनी आत बोलावलं. पुढे मुलांना शहराबाहेर सहलीला नेणाऱ्या बसवरून नाव पडलं. हळूहळू खेळाच्या तासातच शाळा, आरोग्य, मुलगा-मुलगी समानता हे विषय गुंफले गेले, आणि ते शिकवायला वस्तीतलेच तरुण तयार केले गेले.

त्या तरुणांपैकी एक होते अशोक राठोड, कुलाब्याच्या आंबेडकर नगरात वाढलेले. आजूबाजूची मुलं शाळा सोडून कामाला लागताना त्यांनी पाहिली होती. त्यांनी वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली आणि २०१० मध्ये 'ऑस्कर फाउंडेशन' नोंदवलं. तिथली अट सरळ आहे: शाळा नाही, तर फुटबॉल नाही. आणि जरा मोठी झालेली मुलंमुली धाकट्यांचे प्रशिक्षक होतात, तालमीत जसं व्हायचं तसंच.